विरजणाची माती

तेहतीस वर्षं मी रक्तपेढीत होते.
जंतू म्हटलं की हात स्पिरिटच्या बोळ्याकडे जायचा,
झोपेतसुद्धा.

निवृत्त झाले, आणि बाभईच्या आमच्या गच्चीत
सात पिंपं उभी चिरून आडवी मांडली.
माती मिळाली मेट्रोच्या खड्ड्यातली,
वीस मीटर खालून उपसलेली,
जिनं कधी मूळ पाहिलं नव्हतं.
मला वाटलं, बरं झालं, निर्जंतुक आहे.

वाल रुजले. चार पानं आली
आणि पिवळे पडत गेले,
हिमोग्लोबिन पाचावर आलेल्या बाळंतिणीसारखे.
युरिया दिला, आठवडाभर उठून बसले, पुन्हा आडवे.
मग दुकानातून जिवाणूंचं पाकीट आणलं.
वर ठळक छापलं होतं : हरभऱ्यासाठी.
आणि मी, जिनं जन्मात कधी
ए गटाच्या माणसाला बी ची पिशवी लावू दिली नाही,
मी ते वालाला दिलं.
काही झालं नाही. होणारही नव्हतं.

गोराईची सेरफीन घोन्साल्विस
मंगळवार-शुक्रवार बाजाराबाहेर बसते.
तिला एक पिवळं पान दाखवलं.
"माती मेलेली हाय तुझी, बाय.
दूध कितीबी तापव,
विरजणाबिगर दही लागंल काय?"
पुढच्या शुक्रवारी वर्तमानपत्रात गुंडाळून
मूठभर माती दिली, तिच्या वाफ्यातली,
काळी, ओलसर, मुळांच्या केसांसकट.
पैसे विचारले तर माझ्याकडे नुसतं बघत राहिली.

त्या मुठीत किती जीव होते
ते मला मोजता आलं असतं. मोजले नाहीत.

आता वाचून वाचून कळलंय खाली काय चालतं ते :
मूळ मातीत एक निरोप सोडतं, वासासारखा.
हजारांतला एखादा जिवाणू तो ओळखतो,
आपला निरोप उलट धाडतो.
मग मुळाचा केस वळतो,
बोट वाकवून बोलवावं तसा,
आणि त्याला कवेत घेतो.
आम्ही ही जुळणी काचपट्टीवर करायचो.
दोन थेंब, आणि श्वास धरून बघत राहायचं,
गुठळी होते का.
झाली तर नाही जमलं.
इथं उलटं. गाठ झाली तरच जमलं.

पंचेचाळिसाव्या दिवशी एक रोप उपटलं.
मुळांना राळ्याएवढ्या गाठी, झुबक्यांनी.
एक नखानं फोडली.

आत लाल.

मी गच्चीच्या फरशीवर बसले.
टिपणीस गळतीची तक्रार घेऊन वर आले होते,
त्यांना वाटलं मला चक्कर आली. पाणी आणायला धावले.
त्यांना कसं सांगू, की रक्ताच्याच कुळातलं काहीतरी
शेंगेच्या मुळाशी बसलंय,
प्राणवायू थेंबाथेंबानं सोडतंय,
आणि त्या अंधारात कुणी हवेतला नत्र
शिजवून रोपाला वाढतंय,
बदल्यात पानांनी उन्हात केलेली साखर.
बाजूला बुरशीचे पांढरे धागे,
मूळ पोचत नाही तिथून स्फुरद ओढून आणणारे.
मी फक्त म्हटलं, टिपणीस, वाल नेता का थोडे?

यंदा अमावास्येच्या उधाणाला गोराईचा बांध फुटला.
खाडी दोन रात्री सेरफीनच्या वाफ्यांत राहून गेली.
तीन शुक्रवार तिची जागा रिकामी.
चौथ्याला आली, कुणाच्या तरी नारळांची पाटी घेऊन.
"ती माती हाय गो तुझ्याकडं?"

रक्तपेढीत आम्ही प्रत्येकाला सांगायचो,
बदली दाता आणा.
तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या पिंपातली मूठ मी उकरायला निघाले, तर म्हणाली,
"आत्ता नको. मीठ उतरू दे. दोन पावसाळे जातील.
तवर जित्ती ठेव."

रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये पस्तीस दिवस टिकते.
ही फ्रीजमध्ये ठेवायची वस्तू नाही.
हिला एकच उपाय, लावत राहायचं.
आज पुन्हा वाल भिजत घातलेत, वाटीभर.
नखांतली काळी रेघ
मी हल्ली घासून काढत नाही.