दुसऱ्या बुटातली बातमी

ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून आणतात लोक
आमच्या ग्युम्रीत, नोव्हेंबर ते मार्च.
मी ते बोळे काढतो,
मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करतो
आणि वाचतो.
माझी शाळा आठवीला सुटली.
बाकीची अशी चालू आहे,
चुरगळलेली, पायांच्या वासाची.

डाव्या बुटात गव्हाचे भाव,
उजव्यात लग्नाच्या फोटोतली नुसती नवरी.
नवरा कुणाच्या पायात गेला, कोण जाणे.

एकदा ट्रकवाल्या सेरोबच्या बुटात निघालं:
ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.
दोन कल्ल्यांसाठी राबतात,
तिसरं उरलेल्या अंगासाठी,
आणि तो पोहायला लागला की हे तिसरं थांबतं,
म्हणून तो बहुधा

इथे फाटलं होतं.
दुसऱ्या बुटात शब्दकोड्याची उत्तरं.

मी समुद्र पाहिलेला नाही.
पण त्या रात्री घास हातातच राहिला.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, तिसरं थांबतं.
तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सेरोबला विचारलं, तू बातुमीपर्यंत जातोस, तुला ठाऊक असेल.
म्हणाला, लिंबू पिळलं की बरा लागतो.
लवाश भाजणाऱ्या बाईला विचारलं.
मीटर बघायला आलेल्या पोराला विचारलं,
तो म्हणाला, वार्पेत, तुम्हाला एकच आहे, ते जपा.

ही गोष्ट वार्सेनिक बाईंच्या कानावर गेली असणार.
चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या.
त्यांच्या बुटांतून अख्खी पानं यायला लागली,
नीट घडी घातलेली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.
शनीची कडी. मधमाश्यांचा नाच.
शून्य कुठून कुठे गेलं त्याचा नकाशा.
पाच आठवडे मी सगळं वाचलं.
चांगलंच होतं,
पण पाठ आपोआप ताठ व्हायची,
बाकावर बसवल्यासारखी.

शेवटी म्हटलं, बाई, रागावू नका.
निवडून देऊ नका मला.
हाताला लागेल ते कोंबा.
फाटकं असलं तर आणखी बरं,
उरलेल्या अर्ध्यासाठी मला गावभर विचारत फिरता येतं.

बाई गप्प.
गेलं गिऱ्हाईक, मी मनात म्हटलं.
मग त्यांनी हातमोजा काढला
आणि माझ्या दोऱ्याकडे बोट दाखवलं:
याला सुई नाही. मग हा आत शिरतो कसा?

रानडुकराचा राठ केस, मी म्हटलं,
दोऱ्याच्या टोकाला मेणाने वळून बसवलेला.
आधी आरी वाट करते, मागून तो जातो.
तीस वर्षांत हे मला
कुणी विचारलं नव्हतं.

आता गुरुवारी त्या येतात,
उपड्या खोक्यावर बसतात.
त्यांचे टाके म्हणजे बर्फातून गेलेली झिंगलेली कोंबडी.
परवा आरी अंगठ्यात घुसली.
जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई,
आणि आता चामड्यावर हा स्वतःचा एक थेंब.
मी चिंधी शोधत होतो.
बाई म्हणाल्या, थांब,
चूक कुठे झाली ते आधी बघू दे.
चेहरा असा, की कुणी बक्षीस दिलंय.

ऑक्टोपसचं उत्तर त्यांना नक्की येतं.
मधूनच तोंड उघडतात, मी रापी उगारतो:
सांगायचं नाही.

कालचा माझा अंदाज असा:
पोहताना हृदय थांबतं,
म्हणून तो बहुधा तळाशी चालतच राहत असेल,
एकेक दगड चाचपत, उशीर झाला तरी चालेल म्हणत.
पण मग आठ पायांना
बूट किती जोड लागतील, बाई?

बाई खूप हसल्या.
बरोबर की चूक, ते काही बोलल्या नाहीत.
वाकडा टाका दातांनी उसवून
पुन्हा घालायला घेतला.