उत्तर नाही : तेवीस

दोनशे बारा फॉर्म.
उद्यमनगरातल्या चार शेड, सोळा दिवस,
प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा.
प्रश्न साधाच होता,
‘तुम्हाला ऐकायला त्रास होतो का?’

रात्री शाहूपुरीतल्या खोलीवर बसून
मी आधी पाय चार्ट काढला.
सात रंग, वर तिरका केलेला, कडेला जाडी दिलेली;
पुढ्यातली फोड उगाच मोठी दिसायची
आणि कुठला रंग कुणाचा, ते बाजूच्या चौकटीत शोधायचं.
मगदूम सरांनी चष्मा कपाळावर नेला.
‘ताट छान वाढलंयस गं.
ऐकू कुणाला येत नाही, ते सांग.’

मग स्तंभ. चार खाती, चार स्तंभ, एकच निळा रंग.
फेटलिंग एकतीस, प्रेस चौतीस,
लेथ बावीस, पॅकिंग दहा.
फरक डोळ्यांत भरावा म्हणून
अक्ष मी दहापासून सुरू केला.
कुणाच्या लक्षात येणार होतं?

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या भिंतीवर चादर लावली.
डबे उघडे, मिरचीचा खाट,
चादरीवर माझे निळे स्तंभ.
आप्पासो कुंभोजे, लेथवर तीस वर्षं,
भाकरीचा घास हातात तसाच ठेवून उठले.
‘आमची तानूबाई कुठं हाय ह्यात?
पॅकिंगची. डाव्या कानानं तिला
भोंगाबी ऐकू येत न्हाई.’
मी बघितलं.
दहातून दहा गेले होते.
पॅकिंगच्या दहा माणसांना
उंचीच उरली नव्हती.

त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला,
फडक्यानं पुसला, जबडा मिटवला, माझ्यापुढं धरला.
‘शून्यावर शून्य बसतंय का बघायचं पयलं.
न्हाई बसलं, तर फुडचं समदं माप खोटं.
अन् चाळिसातलं एकतीस येगळं,
साठातलं बावीस येगळं. ते कुठं लिवलंय?’

तिथंच, टेबलावर लॅपटॉप ठेवून,
अक्ष शून्यावर आणला.
स्तंभावरच लिहिलं : चाळीसपैकी एकतीस.
पंचावन्नपैकी चौतीस.
साठपैकी बावीस.
सत्तावन्नपैकी दहा.
तानूबाई कोरवी चादरीजवळ आल्या,
सगळ्यांत बुटक्या निळ्या पट्टीला बोट लावलं
आणि परत जाऊन डबा बंद करू लागल्या.

एक आकडा मात्र मी दाखवला नव्हता.
उत्तर नाही : तेवीस.
करड्या रंगात होता, मग काढूनच टाकला.
पट्ट्या मोकळ्या दिसतात, वाचायला सोपं पडतं,
शिवाय ज्यांनी उत्तरच दिलं नाही
त्यांचं काय दाखवायचं?

खोलीवर आल्यावर ते तेवीस फॉर्म वेगळे काढले.
अठरा प्रेसचे, पाच फेटलिंगचे.
लेथचा नाही. पॅकिंगचा नाही.

तेवढ्यात इलाही मुल्लाणी आठवले, पॉवर प्रेस, तिसरी शेड.
मशीन चालूच होती. मी प्रश्न विचारला, त्यांनी मान डोलावली.
परत विचारला.
ते हसले, म्हणाले, ‘घ्या की च्या, आत्ताच आलाय.’
मी चहा घेतला, आभार मानले
आणि ‘उत्तर नाही’वर खूण केली.
ते चहाचं वर्तुळ त्याच कागदावर आहे.

त्यांना ‘होय’मध्ये मोजता येत नाही.
मोजावंसं फार वाटलं. पण मला माहीत नाही;
कुणी चिडून गप्प बसलं असेल,
कुणाला मुकादमाची भीती असेल.
जे माहीत नाही त्याला निळा रंग द्यायचा नाही,
एवढं त्या व्हर्निअरनं शिकवलं होतं.

म्हणून दोन पट्ट्यांच्या टोकाला
नुसत्या रेघेच्या रिकाम्या चौकटी जोडल्या.
आत आकडे : अठरा, पाच.
खाली बारीक अक्षरात टीप लिहिली,
मग अक्षर मोठं केलं,
मग अजून मोठं, मागच्या बाकावरून वाचता येईल एवढं :

प्रश्न तोंडी विचारला होता.
मशीन चालू होती.