सहा फुटांची पाटी

मी पाट्या रंगवतो. एल्मिनाच्या पुलापासून तिसरी शेड,
जिथे होड्यांची नावं उन्हात वाळत पडलेली असतात.
'देवाची वेळ' ही अक्षरं मी इतक्यांदा काढलीत
की हात आता मला न विचारता काढतो :
देवाची वेळ, सिमेंट आणि खिळे.
देवाची वेळ, कोंबडी-भात.
देवाची वेळ, इथे पंक्चर काढून मिळेल.
आणि यांतला प्रत्येक जण दारातच उभा राहून म्हणतो,
उद्या सकाळी हवी हं, फीफी.

फक्त अराबा क्वेसन म्हणाली, सावकाश होऊ दे.
चोवीस वर्षांची होती. फळी स्वतः निवडली,
ओडुमची, वाळवीला दाद न देणारी.
निम्मे पैसे ठेवले.
मशीन घेतलं की नेते म्हणाली.

त्याच महिन्यात मॅडम प्लांजचा उजवा हात गेला.
गेला म्हणजे होता तिथेच, मांडीवर,
कुणी विसरून ठेवलेल्या पावासारखा.
त्याच हाताने अराबाला काजं करायला शिकवलं होतं,
टाका चुकला की बोटांवर पट्टी मारत.

लोक म्हणाले, आता कोण अडवतंय तुला?
गिऱ्हाईक तुला ओळखतं, कात्री तुझ्या हातात.
ती म्हणाली, कात्री त्यांची आहे.

आणि अकरा वर्षं ती बिलं फाडत राहिली
मॅडमच्या नावाने.
शाळेचे गणवेश, बाप्तिस्म्याचे झगे,
आणि मंगळवारी, जेव्हा समुद्रावर जायचं नसतं
आणि सगळा किनारा जाळी सांधत बसतो,
तेव्हा कोळ्यांच्या फाटक्या चड्ड्या.
संध्याकाळी गल्ला मोजून मॅडमच्या डाव्या हातात.
मग केंकी आणि मासा, काटे काढून, घास घास.
मशीनसाठी साठवलेलं दोनदा दवाखान्यात गेलं,
एकदा छपरात.

दर ईस्टरला ती माझ्याकडे यायची.
भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पाटी फिरवायची,
डोक्याचा रुमाल सोडून हरमॅटनची धूळ पुसायची,
पुन्हा तोंड भिंतीकडे.
मी चिडायचो. दुसऱ्याची इतकी सबुरी मला सोसत नाही.
(मीही एकदा कर्ज काढून टाकोराडीत दुसरी शेड टाकली होती.
तीन महिन्यांत कुलूप. पाटी मात्र झकास होती.)
एकदा म्हणालो, देव विसरला असेल.
म्हणाली, मी नाही ना विसरले.

मॅडम गेल्या. साऱ्या घराचे काळे-तांबडे कपडे
अराबाने शिवले, आठ रात्री, फुकट.
चाळिसावा दिवस झाला, आणि इटलीहून आलेल्या मुलाने
दुकान मोबाइलवाल्याला विकलं.
अराबाला कात्री दिली.

ती आली. मला वाटलं, आता तरी शिव्या देईल.
तिने उरलेले निम्मे पैसे मोजले,
अकरा वर्षांपूर्वीच्या भावाने.
त्यात आज रंगाचा डबाही येत नाही.
मी घेतले.

ट्रकच्या तळावर तिला एक खोका मिळाला,
भाड्याच्या मशीनसकट, रुंदी चार फूट.
पाटी सहा फूट.
मी करवत काढली. कुठून कापू?
'देवाची' ठेवू, की 'वेळ', की 'शिवणकाम'?
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, कापू नकोस. दोन दगड आण.

आता ती फळी आडवी आहे, खोक्याबाहेर.
थांबायचं असेल तो बसतो. मुलं वर चढतात,
बायका मासळीची टोपली टेकवतात.
'देवाची' जवळजवळ पुसलं गेलंय,
कारण त्या टोकाला कडुनिंबाची सावली येते
आणि सगळे तिथेच दाटीने बसतात.

काल गेलो होतो, पँट उसवली म्हणून.
म्हटलं, नव्याने रंगवून देऊ का?
दातांत दोरा धरून तिने मान हलवली;
हो की नाही, कळलं नाही.
माझ्या पुढे चौघी होत्या.
मी 'वेळ'वर बसलो. तिथे ऊन होतं.