मनगट

चर्चची किल्ली माझ्याकडे असते.
वीतभर लांब, लोखंडाची, हिवाळ्यात
बोटांना चिकटणारी. सासूनं दिली,
तिला तिच्या सासूनं. आत सात माणसं मावतात,
आठवं आलं तर मी दारात उभी राहते.

काल त्बिलिसीहून एक पोरगा आला, सेमिनरीतला,
दाढी अजून धड फुटायची होती.
भिंतीपुढं वही उघडून म्हणाला,
मकवाला आजी, प्रभूच्या ठायी स्वभाव दोन, व्यक्ती एक,
पूर्ण देव, पूर्ण माणूस,
ना सरमिसळ, ना फाळणी.
मी म्हटलं, स्वभाव दोन माझ्या नवऱ्याचेही होते,
एक जेवणाआधीचा. तू आधी बूट झटक.

मग मेणबत्ती वर धरली.
उत्तरेच्या भिंतीवर तो आहे, अधोलोकात उतरलेला.
झगा मागं उडालाय, वरच्या बाजूला,
खाली जाणाऱ्याचा उडतो तसा.
पायाखाली दारं मोडून आडवी,
खिळे, कड्या, कुलपं, किल्ल्या विखुरलेल्या.
आदाम थडग्यातून अर्धा बाहेर.
बघ, हात कुठं धरलाय?
तो वहीत शोधू लागला.
वहीत नाही रे. भिंतीवर.

मनगट.
पंजा नाही धरला. पंजाला पंजा
दोघांनी धरायचा असतो,
आणि बर्फाखाली तासभर राहिलेल्याची
बोटं मिटत नाहीत.

हे मला बेसारिओननं सांगितलं, नवऱ्यानं.
मोठा हिमलोट आला त्या जानेवारीत
खालची आळी घळीत गेली.
दोराचं एक टोक वर, आमच्या बुरुजाच्या दगडाला,
दुसरं त्याच्या कमरेला.
नुसता वर असता तर हाका मारत बसला असता.
नुसता खाली असता
तर गाडलेल्यांत एक जास्त.
तुझे दोन स्वभाव, पोरा,
मला एवढेच कळतात.

पाच वेळा उतरला.
तीन वेळा शेजारी वर आले, मनगटाला धरून,
चौथ्यांदा एक वासरू, त्याला मनगट कुठलं,
शिंगाला धरून.
पाचव्यांदा मुर्झाकानसाठी. आमचा. अकरा वर्षांचा.
दोर सगळा सोडला,
त्याला पट्टा जोडला, माझी शाल जोडली.
दीड हात कमी पडला.

बेसारिओन पुढं पंधरा वर्षं जगला.
जेवताना मिठाकडं हात लांब करायचा
आणि मध्येच थांबायचा.

पोरगा खाली बसला. म्हणाला,
आजी, प्रभूसुद्धा मेला, म्हणजे…
पुढचा शब्द त्याला सापडेना.
मी म्हटलं, खरंच मेला.
खोटं मरून तिथं पोचता येत नाही
जिथं मेलेले असतात.
वरून बघत बसलेल्या देवाशी
माझं भांडण पुष्कळ वर्षं चाललं.
या भिंतीवरच्याशी नाही.
आमचा दोर संपला
त्याच्या खाली दीड हातावर
हा उभा आहे. याचा दोर बापाच्या हातात.

हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.
रंग उडालाय. आदामाचा चेहरा ओलीनं खाल्लाय,
तिथं कुणालाही बसवता येतं.
मी कुणाला बसवते ते सांगायला नको.
मनगट मात्र शाबूत आहे.

निघताना त्यानं किल्ली हातात घेऊन पाहिली,
जड आहे म्हणाला.
मी त्याला पुन्हा ती मोडकी कुलपं दाखवली.
तिथंही कुणी असेल ना, माझ्यासारखी, किल्ली राखणारी?
तिला त्यानं विचारलंसुद्धा नाही.

लिपानालीच्या रात्री, गेलेली माणसं
घरी जेवायला येतात तेव्हा,
आम्ही त्यांच्यासाठी पानं मांडतो.
त्या रात्री मी चर्चचं कुलूप
नुसतं अडकवते, फिरवत नाही.
शास्त्राला धरून आहे का बघायला हवं, पोरगा म्हणाला.
बघ, म्हटलं.
आणि वाकून जा. चौकट बुटकी आहे.