खालून वर

मोक सिन्सांगना झटका आला,
उजवी बाजू गेली आणि चाळीस वर्षांचं इंग्रजी गेलं.
उरलं कॅन्टोनीज. तेही बहुतेक कुरकुरीचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते व्यायाम करून घ्यायला
वॉरिंग्टनला, बस डेपोच्या मागे.
पाण्याच्या आधी, दुखण्याच्याही आधी
शिकले तो शब्द
फुई सम.
फुई म्हणजे राख, लेक पुई-शान म्हणाली,
सम म्हणजे मन.
मी वहीत उतरवलं. देवनागरीत. रोमनमध्ये ते मरून पडतं.

मग सित हेइ, हवा गळते.
आमच्यात अवसान गळतं, मी म्हटलं.
गळती तीच.
मोउ सम गेइ, मनाचं यंत्रच नाही.
आणि हे कुणी म्हणावं?
अर्ध्या लँकेशरच्या लिफ्ट
ज्याने ग्रीस लावून चालत्या ठेवल्या, त्याने.

सम जरा लांबला की साम होतो,
साम म्हणजे तीन.
महिनाभर मी त्यांना विचारत होते,
आज राखेचे तीन का?

तुमच्याकडे काय म्हणतात, पुई-शानने विचारलं.
मन खचतं, म्हटलं.
विहिरीची कड खचते तसं,
वरून धडधाकट, आतून माती सुटलेली.
तिने वडिलांना सांगितलं. बराच वेळ सांगत होती.
ते म्हणाले, लिफ्टचा खड्डा.
हो. तसंच.

काल नवा शब्द, सम ताम. मन अळणी.
ताम तळमजल्यावरून वर उचलायचा असतो
आणि मी तो सपाट म्हटला.
चूक. पुन्हा सपाट. चूक.
मोक सिन्सांग वैतागले, आणि स्वर दाखवायला
हात उचलला.
उजवा.
दीड इंच, ब्लँकेटच्या काठापर्यंत.
नोव्हेंबरपासून मी ज्याच्या विनवण्या करतेय, तो.

पुई-शान किटली धरून तशीच उभी.
मी काही बोलले नाही.
पुन्हा चुकले, मुद्दाम,
आणि परत एकदा.

त्यानंतरच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं.
माझ्याकडे बघून एक छोटासा शब्द म्हणाले.
लेक कानापर्यंत लाल, अर्थ काही सांगेना.
वहीत तो तसाच आहे, एकटा,
समोरची जागा कोरी,
स्वर वरून खाली.