बेस, ट्रेबल, एस्तेरबाई

मी ऐकणारा नव्हतो. मी माईकवाला.
पूर्णा जंक्शन, न्यू डायमंड साउंड सर्व्हिस:
दोन कर्णे, एक अँप्लिफायर, मामूची सायकल.

अडुसष्टचा नाताळ, रेल्वे इन्स्टिट्यूट.
गार्डसाहेबाकडे धुणं धुणारीची पोर
त्यांच्याच तबकड्यांवरून उचललेली इंग्रजी गाणी
देवनागरीत उतरवून गात होती,
माईकपासून हातभर लांब.
तरी मी व्हॉल्यूम दोनवर आणला.
बाहेर लोकोशेडात इंजिनाचं शंटिंग चाललेलं.
ती त्याच्या ठेक्याच्या जरा मागून येई.
मला वाटलं, चुकली.
पाचव्या ओळीला कळलं, इंजिनच घाईत आहे.

अर्थ विचारला एकदा.
"कुणीतरी निघून गेलंय अन् हिला झोप येईना.
आणखी काय आसतंय गाण्यात?"

मग काय काय नाही गायली.
परभणीच्या उरुसात कव्वाली,
समोरच्या पार्टीचा शेर तिथल्या तिथं परत करत.
चौदा एप्रिलला नांदेडात, पहाटे तीनपर्यंत.
हिंगोलीच्या दसऱ्यात लावणी;
त्या रविवारी पास्टरने तिला मागच्या बाकावर बसवलं,
स्तोत्र मागच्या बाकावरून सुरू झालं.
सरकीच्या बियाण्याची जाहिरात, जीपमधून.
प्रचार दोन्ही पक्षांचा, एकाच आठवड्यात, एकाच घशातून.
लोक म्हणायचे, हिचं स्वतःचं असं कोणतं?
मी वायरी गुंडाळत असायचो.
मला ठाऊक होतं:
गाणं कुणाचंही असो,
ठेक्याच्या केसभर मागे.

माझ्या वहीत नुसते आकडे.
ऐंशी साली माईक वीतभर.
ड्रमवाल्या याकोबला, नवऱ्याला, माती देऊन आली
त्या रात्री सेलूच्या लग्नात, चार बोटं.
घशाच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं पानं कोरी.
आता ओठ जाळीला टेकलेले, व्हॉल्यूम नऊ,
आणि घरी आणून पुसली तरी
जाळीला निलगिरीचा वास.

परवा कुणा टीसीचा निरोपसमारंभ, तेच इन्स्टिट्यूट.
त्र्याहत्तराव्या वर्षी खुर्चीत बसून गात होती.
मी सवयीने एको वाढवला, चिरा झाकायला.
तिने बोटानं खुणावलं, काढ.
"फाटलंय ते फाटलेलंच ऐकू दे की रे, गफार."

बाहेर विजेवरचं इंजिन गेलं, ठेक्याशिवाय.
ती थांबली.
सभागृहात कुणीतरी खोकलं, कुणी ताट सरकवलं.
माझं बोट बटणावर.
आणि ती आली,
नेमकी उशिरा.