फुली

एकतीस वर्षं मी फुल्या मारल्या.
लाल पेन्सिलीनं, न रागावता,
एखादी बाई वाटाणे सोलते
तितक्याच सहज.

एर्मेलिंदाच्या वहीत सगळ्यात जास्त.
ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे
हे तिला कधी म्हणजे कधीच कळलं नाही.
'आठवण' हा शब्द तर
तिनं दर वेळी नव्यानं चुकवला.

आता ती माझी मास्तरीण आहे.
मंगळवारी नि शुक्रवारी, नदीच्या वरच्या अंगाला
तिच्या गॅरेजात,
ऑलिव्ह तेलाच्या डब्यांशेजारी
आम्ही चौघी आणि निवृत्त पोस्टमन गुआल्तेर.
"बाई, मोजा," ती म्हणते,
"मोजलं नाही तर कापड सूड घेतं."
मी मोजते. दोन धागे आडवे, दोन उभे,
खालून वर, तिरकं, मग उलटं तिरकं.
फुली.
आयुष्यात पहिल्यांदा
कुणाचं काही चुकलं म्हणून न मारलेली.

गुआल्तेर जुन्या टपालपेटीच्या पत्र्याला
ड्रिलनं भोकं पाडून त्यात गुलाब भरतो.
एकोणीस वर्षांची नोएमिया
आईच्या गुडघ्याचा एक्स-रे
पांढऱ्या दोऱ्यानं काळ्या मॅटीवर काढते;
हाडाच्या कडेला चार छटा लागतात म्हणे,
तिला तीनच मिळाल्यात.

पूर्वी इथल्या पोरी
रुमालावर प्रेमाच्या ओळी भरायच्या,
कानाला येईल तसं लिहून.
त्या चुका आता संग्रहालयात आहेत,
काचेमागे, वर दिवा लावून.
तिथे सहलीला पोरं नेली की
मी म्हणायचे: बघा, पण असं लिहू नका.

एर्मेलिंदा नवऱ्याचे मेसेज भरते.
झेफेरिनु, लक्झेंबर्गला, परांचीवर.
तोही माझाच, तिच्या मागच्या बाकावरचा.
*आज बरफ पडला. मोजे भीजले.*
*मुकादम चांगला आहे पन ओरडतो.*
प्रत्येकाच्या खाली निळ्या दोन खुणा,
वाचल्याच्या.

मग मार्चमध्ये ती म्हणाली, कापड पुरे झालं.
बंद पडलेल्या शाळेचं कुंपण आहे ना,
चौकोनी जाळीचं?
आठ दिवस आम्ही लाल लोकर ओवत होतो,
सुईऐवजी वाकवलेली तार,
एकेक अक्षर माझ्या खांद्याएवढं:
*तुझी आठवन येते*

मी 'न'पाशी थांबले.
माझ्या हातात लोकर, समोर मोकळे चौकोन,
'ण'ला जागा होती.
मी मोजून पाहिली होती, आदल्या रात्री,
चौकटीच्या वहीत.
एर्मेलिंदा काही बोलली नाही.
नुसती कात्री पुढे केली,
हवी तर घ्या, अशी.

नगरपालिकेचा माणूस आला.
शाळेच्या कुंपणावर शुद्धलेखनाची चूक?
माजी मुख्याध्यापिका म्हणून
माझं लेखी मत हवं होतं त्याला.
मी दिलं. दोन ओळी.
त्यातही त्याला एक चूक सापडली.

ऑगस्टमध्ये, सगळे येतात तसा,
झेफेरिनु आला. गाडी रस्त्यातच उभी करून
कुंपणासमोर राहिला,
मान वर, टोपी हातात.
कान लाल झाले होते, तिसरीत व्हायचे तसे.
मला बघून म्हणाला,
"बाई, बरोबर आहे ना?"

घशाशी आलेलं मी गिळलं.
"'आ'चा एक टाका सुटलाय," मी म्हणाले,
"बकऱ्या खातात. तेवढा घाल."
सिमेंटनं चिरलेल्या बोटांनी
त्यानं तार धरली, जीभ दातात,
आणि घातली एक फुली.

उलटी. सगळ्यांचा वरचा धागा उजवीकडे झुकतो,
याचा डावीकडे.
दुरून कुणाला कळत नाही.
मला बाजाराला जाताना दिसते, येताना दिसते.